तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण का झाला

वेष्टनाच्या डिझाइनचं मूल्यमापन म्हटलं की बोलणं बहुधा लोगो, रंगसंगती आणि अक्षरांच्या वळणाभोवती फिरतं. हे प्रकरण त्याहून फार लहान गोष्टीचं आहे. काही मिलिमीटरचा एक चौकोन. भारतात विकल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक खाद्यपदार्थाच्या पुड्यावर तो असतो. आत हिरवा ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी, तपकिरी असेल तर मांसाहारी. दोन दशकं तो असाच छापला गेला आणि मग मांसाहाराचा ठिपका काढून तिथे त्रिकोण आला. कारण दिलं गेलं ते असं की रंगांध माणसांना दोन ठिपक्यांतला फरक ओळखता येत नव्हता.

कारण खरं आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट निसटते. कोणाही एका माणसाने बसून वाईट चिन्ह काढलेलं नव्हतं. पहिलं चिन्ह ठीक होतं. दुसरंही, वेगळं काढून पाहिलं तर, ठीकच होतं. चुकली ती जोडी.

आधी नियम पाहू, कारण इथे डिझाइनरच्या हातात फारसं काही नसतं. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या पॅकेजिंग आणि लेबलिंग नियमांत चिन्हाचं वर्णन नेमकं होतं: रंगाने भरलेलं वर्तुळ, भोवती त्याच रंगाच्या रेषेचा चौकोन, आणि चौकोनाची बाजू वर्तुळाच्या व्यासाच्या दुप्पट. वर्तुळ किती मोठं हवं ते पुड्याच्या मुख्य दर्शनी भागावर ठरायचं. तो भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर व्यास किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४, २,५०० पर्यंत ६ आणि त्यापुढे ८. चिन्ह पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ आणि मागच्या रंगावर उठून दिसेल असं छापायचं. पिण्याचं पाणी, सोडा, दूध आणि दूधपावडर अशांना सूट.

यात पुष्कळ काही शहाणपणाचं आहे आणि ते आधी कबूल करायला हवं. घटकांची यादी पाठीमागे, शिवणीच्या आसपास, बारीक अक्षरांत ढकलता येते. या चिन्हाला ती पळवाट नाही. ते नावाशेजारीच राहतं, म्हणजे नजर जिथे जाणारच आहे तिथे. पुडा मोठा झाला की चिन्हही मोठं होतं, त्यामुळे पाच किलोच्या पिशवीवर ते हरवत नाही. आणि ते वाचावं लागत नाही. लेबलवर इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी असली की नियम भागतो. तमिळ, बंगाली किंवा कन्नडच वाचणाऱ्याला, किंवा मुळीच न वाचणाऱ्याला, घटकांच्या यादीचा उपयोग शून्य. ज्या देशात ताटात काय आहे यावर घरात, इमारतीत आणि निवडणुकीत भांडणं होतात, तिथे एक वाक्यही न लिहिता हा प्रश्न सोडवणारं चिन्ह म्हणजे सार्वजनिक डिझाइनचं मोठंच काम आहे. जगात इतक्या प्रमाणावर सक्तीने छापली जाणारी अशी चिन्हं फार थोडी असतील.

आता तारखा, कारण दोष तारखांत दडलेला आहे.

अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन ४ ऑक्टोबर २००० पासून मांसाहारी पदार्थांवर तपकिरी चिन्ह सक्तीचं झालं. शाकाहारी पदार्थांसाठी तेव्हा काहीच नव्हतं. हिरव्या चिन्हाची अधिसूचना निघाली २० डिसेंबर २००१ ला आणि ती लागू झाली २० जून २००२ पासून.

म्हणजे सुमारे पावणेदोन वर्षं बाजारात नियमाने एकच चिन्ह होतं. त्या काळात ते वाचायला रंगाची गरजच नव्हती. चौकोनात ठिपका दिसला की मांसाहारी, नाही दिसला की नाही. ठिपका तपकिरी असो, जांभळा असो, काळा असो, अर्थ बदलत नव्हता. रंगांध माणूस ते चिन्ह इतरांइतकंच अचूक वाचू शकत होता.

मग हिरवं चिन्ह आलं. ते आणण्यामागचा विचार मला पटतो. चिन्ह नसणं ही साक्ष कच्ची असते: पदार्थ शाकाहारी आहे म्हणून ते नाही, की माल जुना आहे म्हणून, की उत्पादकाने नियम टाळला म्हणून, हे ग्राहकाला कसं कळणार? ‘हे शाकाहारी आहे’ असं ठामपणे सांगणारं चिन्ह हवंच होतं. पण ते काढताना आधीच्याच चिन्हाची प्रत घेतली गेली. तोच चौकोन, तेच वर्तुळ, तेच प्रमाण; बदलला फक्त रंग. त्या दिवसापासून ‘आहे की नाही’ हा प्रश्न संपला आणि ‘कुठल्या रंगाचा आहे’ हा प्रश्न सुरू झाला. सगळा अर्थ रंगाच्या खांद्यावर आला आणि आकाराला काही कामच उरलं नाही.

हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मे १९९९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यातलं दुसरंच तत्त्व होतं: केवळ रंगावर विसंबू नका. त्याच्याही कितीतरी आधीपासून चौकातल्या सिग्नलला लाल दिवा वर आणि हिरवा खाली असतो, म्हणजे रंग न कळणाऱ्याला जागा कळते. पत्त्यांत बदाम आणि इस्पिक रंगानेही वेगळे आहेत आणि आकारानेही. एकच गोष्ट दोन वाटांनी सांगायची ही पद्धत छपाईच्या धंद्यात जुनी आहे.

हिरवा आणि तपकिरी यांचीच जोडी इतकी अडचणीची का, हे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. तपकिरी हा खरं तर काळवंडलेला नारिंगी. आपल्या डोळ्यातल्या ज्या दोन प्रकारच्या शंकुपेशी हिरव्या-लाल पट्ट्यातला फरक टिपतात, त्यातली एक नसेल किंवा तिची संवेदना सरकलेली असेल, तर गडद हिरवा आणि तपकिरी दोन्ही मातकट पिवळ्याच्या जवळ जाऊन बसतात. या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून ही उणीव पुरुषांत कितीतरी जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत ती सुमारे ८ टक्के मोजली गेली आहे. भारतातल्या पाहण्यांत आकडा त्याहून कमी येतो, पण इथे पुरुषांतले दोन टक्के धरले तरी माणसं एक कोटीच्या वर जातात.

रंगांधत्व तपासायला डॉक्टर ठिपक्यांचे तक्ते दाखवतात, ते १९१७ मध्ये जपानच्या शिनोबु इशिहारांनी तयार केले. त्यांची सगळी करामत अशी की अंक ओळखायला आकाराची किंवा उजळपणाची मदत मिळू नये; रंग कळला तरच अंक दिसावा. किराण्याच्या पुड्यावरची आपली जोडी नकळत त्याच तत्त्वावर बेतली गेली होती. फरक इतकाच की दवाखान्यात चुकलं तर कागदावर नोंद होते आणि दुकानात चुकलं तर पदार्थ पोटात जातो.

उजळपणात मोठा फरक ठेवला असता, म्हणजे पोपटी हिरवा आणि जवळजवळ काळा तपकिरी, तर वर्तुळ ठेवूनही काम भागलं असतं. पण नियमाच्या मजकुरात रंग नुसत्या नावाने येतो: हिरवा, तपकिरी. त्यामुळे छापणारा आपापल्या सोयीने ठरवतो. किराणा दुकानाच्या एकाच फळीवर चॉकलेटी, विटकरी, मरून आणि सरळ लाल असे सगळे ‘तपकिरी’ सापडतात. बोलताना पुष्कळ लोक त्याला लाल ठिपकाच म्हणतात, आणि समोरचा पुडा पाहिला तर त्यांचं चुकतं असंही नाही.

चांगल्या डोळ्यांनाही हे चिन्ह वाटतं तितकं सोपं नाही. चौकोनाची बाजू वर्तुळाच्या दुप्पट, म्हणजे ३ मिलिमीटरच्या ठिपक्याला ६ मिलिमीटरचा चौकोन. हिशेब केला तर ठिपका चौकोनाचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो. लांबून जे ठळक दिसतं ते चौकोनी खोकं, आणि ते दोन्ही चिन्हांत एकच आहे. जे वेगळं आहे ते मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं. रंगीत क्षेत्र जितकं बारीक तितका रंग ओळखणं कुठल्याही डोळ्याला कठीण जातं. त्यात दुकानातला पिवळा बल्ब आणि चकाकणारं प्लास्टिक.

छपाईची बाजू आणखी कटकटीची. लॅमिनेटचे, म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या पातळ थरांचे, पुडे मोठ्या प्रमाणावर ग्रॅव्हर या छपाई पद्धतीने छापले जातात, तिथे प्रत्येक शाईला स्वतंत्र कोरलेला सिलिंडर लागतो. तपकिरीसाठी वेगळी शाई ठेवली नसेल तर तो पिवळा, मॅजेंटा आणि काळा किंवा निळा यांच्या थरांतून जमवावा लागतो. रजिस्ट्रेशन, म्हणजे शायांचे थर एकमेकांवर नेमके बसणं, किंचित हललं की मोठ्या चित्रात ते खपून जातं, पण ३ मिलिमीटरच्या ठिपक्याभोवती एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला पिवळी कड उमटते. हिरव्याचंही तेच, पिवळा आणि निळा सरकले की झालं. चॉकलेटच्या पुड्यावर तर मागचाच रंग तपकिरी. तिथे खाली पांढरा चौकोन द्यावा लागतो आणि ब्रँडवाल्यांना तो डागासारखा वाटतो. मग तो शक्य तितका लहान करण्याची खटपट सुरू होते.

असं असूनही इतकी वर्षं ओरड का झाली नाही? माझं उत्तर असं की बहुतेक वेळा चिन्ह वाचायची वेळच येत नाही. चिकन नूडल्सच्या पुड्यावर कोंबडीचं चित्र असतं, नाव असतं, एरवीपेक्षा वेगळा रंग असतो. ब्रँडची जाहिरातबाजीच चिन्हाची उणीव झाकते. चिन्ह एकटं पडतं ते ब्रँड दुबळा असतो तिथे: गावातल्या बेकरीचा मावा केक, अंडं घातलेला आणि बिनअंड्याचा, दोन्ही एकाच पारदर्शक डब्यात, एकाच स्टिकरखाली. तिथे चिन्ह हाच एकमेव फरक, आणि तिथेच ते सगळ्यात वाईट छापलेलं असतं. दुसरं कारण घरगुती आहे. ज्याला रंग कळत नाही तो दुकानदाराला विचारतो, बायकोला विचारतो, किंवा ठरलेलाच पुडा घेतो. विचारून काम भागतं म्हणून तक्रार होत नाही, आणि तक्रार नाही म्हणून चिन्ह चांगलं ठरतं. वेष्टनाच्या चाचण्यांत हा सापळा नेहमीचा आहे. ग्राहक गोंधळला का असं विचारलं तर तो नाही म्हणतो, कारण गोंधळातून बाहेर यायची वाट त्याने आधीच शोधलेली असते.

यावर एक साधी चाचणी आहे आणि ती कुणालाही करता येते. फोनचा पडदा काळा-पांढरा करण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती सुरू करून कॅमेऱ्यातून स्वयंपाकघरातले पुडे पाहा. जुन्या ठिपक्यांची जोडी तिथे एकसारखीच करडी दिसते. कुठल्याही वेष्टनावर रंग गेल्यावर काय उरतं ते पाहावं. जे उरतं तेवढीच त्या डिझाइनची रचना, बाकी सजावट. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगांधत्वाचं दृश्य दाखवणारा पर्याय पूर्वीपासून आहे, पण डेडलाइनच्या रात्री तो कुणी उघडत असेल असं वाटत नाही.

लेबलिंग आणि डिस्प्लेचे नवे नियम १७ नोव्हेंबर २०२० ला राजपत्रात आले आणि त्यांत मांसाहाराचं चिन्ह तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण झालं. योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राने सौम्य ते मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवाना मिळेल अशी दुरुस्ती केली होती. शाकाहाराचं वर्तुळ होतं तसंच राहिलं. बदल एकाच चिन्हात का केला याचा माझा अंदाज व्यवहाराचा आहे: हिरव्या चिन्हाचे पुडे संख्येने कितीतरी जास्त, आणि चिन्ह बदलणं म्हणजे सिलिंडर नव्याने कोरणं. तपकिरी रंग तीन-चार शाया मिळून होत असेल तर इवल्याशा त्रिकोणासाठी तीन-चार सिलिंडर बदलावे लागतात. छापून ठेवलेला जुना माल वेगळाच. उद्योगाने मुदत मागणं स्वाभाविक होतं.

त्रिकोणाला मी चांगले गुण देईन, पूर्ण नाही. मुख्य काम तो करतो: रंग काढून घेतला तरी जोडी वेगळी राहते. पण बारीक आकारात त्रिकोण हा नाजूक असतो. शाई पसरली की आधी कोपरे जातात, आणि कोपरे गेलेला त्रिकोण ठिपक्याकडे झुकतो. पातळ, खडबडीत स्टिकरवर हे सहज घडतं, म्हणजे पुन्हा बेकरीचाच डबा. किमान मापाला चिकटून राहणाऱ्या आर्टवर्कमध्ये ही जोखीम जास्त. जागा असेल तर एक पायरी मोठं चिन्ह घ्यावं, नियम किमान माप सांगतो, कमाल नाही.

दुसरी हरकत अर्थाची. सुरक्षाचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात वर टोक असलेला त्रिकोण म्हणजे धोक्याची सूचना. रस्त्यावरून, विजेच्या खांबावरून, रसायनाच्या डब्यावरून ती आपल्या अंगवळणी पडली आहे. शाकाहारी माणसाला मांसाहाराचं चिन्ह इशाऱ्यासारखंच हवं असतं, त्याला हे सोयीचं. मालवणातल्या किंवा मडगावातल्या मासे खाणाऱ्याने मात्र आपल्या रोजच्या जेवणावर इशाऱ्याचं चिन्ह का वाचावं? अर्थात ही जोडी कधीच तटस्थ नव्हती. हिरवा म्हणजे ‘जा’ हे आधीच ठरलेलं होतं.

तिसरी अडचण फार बोलली जात नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात गंभीर आहे. बदलाच्या काळात जुना तपकिरी ठिपका आणि नवा त्रिकोण एकाच वेळी नजरेसमोर असतात. पुडे बदलले तरी हॉटेलांची मेनूकार्डं, जुन्या पाट्या, छोट्या दुकानांचे स्टिकर सावकाश बदलतात. रंगांध माणसाला आपण सांगितलं की वर्तुळ म्हणजे शाकाहारी. त्याने ते शिकून घेतलं आणि समोर आलं जुनं तपकिरी वर्तुळ, तर तो आता विचारणारही नाही. ज्याच्यासाठी बदल केला त्यालाच त्या काळात जास्त धोका. हा टाळायचा तर दोन्ही चिन्हांचे आकार नवे करायला हवे होते, म्हणजे कुठलंही वर्तुळ दिसलं की ‘हे जुनं आहे, विचारून घे’ असा अर्थ झाला असता. खर्च मोठा झाला असता, हे खरं.

चिन्ह कितीही चांगलं छापलं तरी ते नियमातल्या व्याख्येपेक्षा जास्त सांगू शकत नाही. अंडं मांसाहारात धरलं जातं, दूध नाही. अंडं खाणारे आणि मटण न खाणारे महाराष्ट्रात घरोघरी आहेत. त्यांना तपकिरी चिन्हाचा उपयोग निम्माच. फक्त अंडंच असेल तर उत्पादकाला तसं शेजारी लिहिण्याची मुभा आहे, पण ती मुभा आहे, सक्ती नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्याला हिरवा ठिपका काही सांगत नाही आणि एकादशीला तर अजिबातच नाही. घटक सांकेतिक क्रमांकाने लिहिले की ते कशापासून काढले हे चिन्हावर विश्वास ठेवूनच मानावं लागतं. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ई६३१ या चववर्धकाचं उदाहरण घेऊन प्रत्येक घटक वनस्पतीपासून आहे की प्राण्यापासून हे जाहीर करायला सांगितलं, ते याच फटीमुळे. वीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासूनचं काहीच नसलेल्या, पदार्थांसाठीही आणखी एक हिरवं चिन्ह आलं, रोमन व्ही आणि त्यात पालवी. ज्या जोडीचं बलस्थान अक्षर न लागणं हे होतं, तिच्या शेजारी आता अक्षर आहे. आणि व्ही बारीक छापला की तो उलट्या त्रिकोणासारखा दिसतो.

राहता राहिली जाहिरात. चिन्ह पुड्याबरोबर पत्रकांवर आणि कुठल्याही माध्यमातल्या जाहिरातीत दाखवायचं असा २०११ चा नियम होता. वर्तमानपत्राच्या काळ्या-पांढऱ्या पानावर ठिपक्यांची जोडी म्हणजे निव्वळ औपचारिकता: चिन्ह हजर, अर्थ गैरहजर. टीव्हीवर ते कोपऱ्यात क्षणभर चमकून जायचं. त्रिकोणाचा खरा फायदा मला इथे दिसतो. जिथे एकच रंग आहे, म्हणजे काळ्या-पांढऱ्या जाहिरातीत, मेनूच्या झेरॉक्सवर किंवा हॉटेलातून घरी आलेल्या डब्यावरच्या थर्मल स्टिकरवर, तिथे आता डोळे कसेही असले तरी वाचणाऱ्याला उत्तर मिळतं. थर्मल स्टिकर छापणाऱ्या बहुतेक स्वयंपाकघरांत मात्र चिन्ह टाकतच नाहीत. पदार्थाचं नाव, वेळ आणि ऑर्डरचा क्रमांक एवढंच असतं. तिथे चौकोन आणि त्रिकोण छापायला जास्तीची शाई लागत नाही, सिलिंडर लागत नाही, फक्त टेम्प्लेटमध्ये एक ओळ वाढवावी लागते.